जिना चढताना दम लागतो, हे सांगायचं की लपवायचं? कॅन्सरच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ६४. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली, सर्जननी ऑपरेशन ठरवलं आणि त्याआधी एक दिवस ‘भूल तपासणी आणि फिटनेस’साठी बोलावलं आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. त्या दिवशी काय काय होतं, किती वेळ जातो, सोबत काय न्यायचं, हे तुम्ही विचारलंत. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य आहे: गेले दोन महिने त्यांना जिना चढताना दम लागतो, पण ते सांगितलं तर ‘अनफिट’ ठरवून ऑपरेशन पुढे ढकलतील, म्हणून तिथे काही बोलू नये असं घरात सगळ्यांचं मत पडलं आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. बरीच वर्षं कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी भूल देते आणि त्याआधीची तपासणीही करते. तुमचा खरा प्रश्न ते शेवटचं वाक्यच आहे, असं मला वाटतं. म्हणून आधी त्याचं उत्तर देते, बाकीचं नंतर.

दम लागतो हे सांगा. पहिल्या पाच मिनिटांत सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका.

त्याचं कारण समजून घ्या. मोठ्या आतड्यातली गाठ अनेकदा महिनोन्‌महिने थोडं थोडं रक्त गाळत असते. ते शौचातून जातं, पण डोळ्यांना दिसेल इतकं नसतं. शरीरातलं लोह संपत जातं, हिमोग्लोबिन उतरतं आणि माणसाला आधी दम लागायला लागतो, थकवा येतो. घरचे म्हणतात वय झालं. कित्येकदा या दमापासूनच शोध सुरू होतो आणि शेवटी गाठ सापडते. तुमच्या आईंचा दम यामुळेच आहे असं मी त्यांना न तपासता म्हणणार नाही. हृदयाचं कारण असू शकतं, फुफ्फुसाचं असू शकतं, नुसता अशक्तपणाही असू शकतो. पण समजा रक्त कमी असल्यामुळेच असेल, तर त्यावर ऑपरेशनआधी नक्की काहीतरी करता येतं. शिरेतून लोह दिलं तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला लागतो. वेळ कमी असेल, हिमोग्लोबिन फारच खाली असेल, तर रक्त चढवायचा निर्णय घेता येतो. बायकांमध्ये १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्त कमी, असं धरतात. १२ ला थोडं कमी असणं आणि ७ असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो आकडा ऑपरेशन टेबलवर कळण्यापेक्षा तीन आठवडे आधी कळलेला केव्हाही बरा. म्हणजे तुम्ही जी गोष्ट लपवायचं ठरवताय, ती कदाचित सगळ्यांत सहज सुधारता येण्यासारखी आहे.

शिवाय ती लपतही नाही. रक्ताचा रिपोर्ट येतो, बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन दाखवतं, आणि पेशंट दारातून खुर्चीपर्यंत कसा चालत येतो हे आम्ही बघत असतोच. न सांगितल्याने फक्त आम्हाला कारण शोधायला उशीर होतो. ऑपरेशन खरोखर पुढे जातं ते बहुतेक वेळा अशाच उशिरा कळलेल्या गोष्टींमुळे.

इथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगून ठेवते. दम हळूहळू वाढत गेलेला असेल तर अपॉइंटमेंटला सांगणं पुरेसं आहे. पण तो अचानक वाढला, छातीत दुखायला लागलं, एकाच पायाला सूज आली किंवा पोटरी दुखायला लागली, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी इमर्जन्सीला न्या. कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते आणि पायातली गुठळी फुफ्फुसात जाऊ शकते.

आता ‘फिट-अनफिट’ या शब्दांबद्दल. कागदावर ते लिहिलेले असतात, त्यामुळे लोकांना वाटतं की ही परीक्षा आहे आणि आई नापास झाली तर उपचार गेला. आमच्या डोक्यात प्रश्न वेगळा असतो: हे ऑपरेशन, या शरीरावर, आता केलं तर कुठे अडचण येऊ शकते, आणि हातात असलेल्या दिवसांत ती किती कमी करता येईल? कॅन्सरमध्ये दिवस अमर्याद नसतात हे आम्हालाही माहीत असतं. गुडघ्याच्या ऑपरेशनला मी तीन महिने थांबा म्हणू शकते, आतड्याच्या गाठीला म्हणणार नाही. म्हणून हा तोल सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून सांभाळतात. गाठीने आतड्याचा मार्ग बंद होत आला असेल तर फारसं थांबता येत नाही, आहे त्या स्थितीत सांभाळून ऑपरेशन करावं लागतं. तशी घाई नसेल तर रक्त वाढवायला, साखर आटोक्यात आणायला एक-दोन आठवडे घेणं बहुतेक वेळा फायद्याचं ठरतं. तुमच्या आईंच्या बाबतीत किती थांबणं चालेल हे गाठीची जागा, स्कॅन आणि त्रास यांवर ठरेल. ‘डॉक्टर, थांबायला किती वाव आहे?’ असं सर्जनना सरळ विचारा.

आता त्या दिवसाबद्दल. अर्धा दिवस धरूनच जा. आधी नर्स उंची, वजन, रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन बघतील. वजनाकडे आम्ही बारकाईने बघतो. एक तर औषधांचा डोस त्यावर ठरतो, आणि दुसरं म्हणजे गेल्या सहा महिन्यांत किती वजन उतरलं हे जखम भरण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचं असतं. आधीचं वजन कुठे लिहिलेलं असेल तर तो कागद आणा. मग रक्त घेतील: हिमोग्लोबिन, पेशी, मूत्रपिंड, यकृत, क्षार, साखर आणि तिची तीन महिन्यांची सरासरी, रक्त गोठण्याची तपासणी, रक्तगट. ईसीजी होईल, छातीचा एक्स-रे बहुधा होईल. दम लागतो म्हटल्यावर हृदयाची इको सांगतील, कदाचित फुंकर मारायला लावून फुफ्फुसांची तपासणीही. शेजारच्या खुर्चीतल्या पेशंटला वेगळ्या तपासण्या सांगितल्या म्हणून काळजी करू नका. सगळ्यांना सगळं करायचं नसतं.

भूलतज्ज्ञांची भेट हा त्या दिवसाचा मुख्य भाग. आमचे प्रश्न ऐकून लोकांना वाटतं, याचा आतड्याशी काय संबंध? पूर्वी कधी भूल दिली होती का, तेव्हा काही त्रास झाला का. रक्ताच्या नात्यात कुणाला भुलेखाली गंभीर प्रकार घडला होता का (भुलेच्या काही औषधांना शरीराने विलक्षण प्रतिक्रिया देणं घराण्यात चालत येऊ शकतं). रात्री घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं कुणी सांगितलंय का. प्रवासात गाडी लागते का, कारण ज्यांना लागते त्यांना भुलेनंतर मळमळ-उलटी जास्त होते आणि तिची औषधं आम्ही आधीच देऊन ठेवतो. आडवं झाल्यावर आंबट पाणी वर येतं का. कशाची ॲलर्जी आहे, आणि नेमकं काय झालं होतं? ‘त्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे’ एवढ्याने भागत नाही. अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला, की नुसतं पोट बिघडलं, यावरून ते औषध टाळायचं की नाही हे ठरतं.

मग तोंड बघतात. मोठा आ करा, जीभ पूर्ण बाहेर काढा, पण ‘आ’ असा आवाज काढू नका, असं सांगतात. समोर बसून आम्ही बघतो की घशातली पडजीभ आणि मागची भिंत किती दिसते. १९८५ साली डॉ. मल्लमपती यांनी मांडलेली ही पद्धत. आज तिचे चार वर्ग करतात आणि चौथ्यात टाळूचा फक्त पुढचा कडक भाग दिसतो. मग वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये आपलीच तीन बोटं उभी मावतात का ते बघायला सांगतात. मान मागे किती जाते, हनुवटी ते कंठमणी किती अंतर आहे, दात कुठला हलतोय. यावरून भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालणं सोपं जाईल की अवघड, याचा अंदाज येतो. अवघड वाटलं तर आम्ही वेगळी साधनं आणि जादा माणसं तयार ठेवतो. कवळी असेल, एखादा दात हलत असेल तर लाजून गप्प राहू नका. हलणारा दात नळी घालताना निखळून आत गेला तर तो नवा प्रश्न होऊन बसतो.

नंतर ‘किती चालता, किती जिने चढता’ हा प्रश्न येतो. न थांबता दोन मजले चढता येतात का, हा आमचा जुना, साधा आणि उपयोगी निकष आहे. तेवढं जमत असेल तर हृदय-फुफ्फुसांत ऑपरेशनचा ताण सोसायची ताकद आहे असं साधारण समजतात. इथे आईंना स्वतः उत्तर देऊ द्या. ‘हो हो, सगळं करते ती’ असं मुलगा म्हणतो आणि आई खाली बघते, हे मी नेहमी बघते. सहा महिन्यांपूर्वी काय जमत होतं आणि आता काय जमत नाही, हा फरक सांगितलात तर सगळ्यांत उत्तम.

औषधांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो. नावं आठवून सांगू नका. घरात असलेली प्रत्येक स्ट्रिप, बाटली, इन्सुलिनचं पेन एका पिशवीत भरून आणा. डोळ्यांचे थेंब, दम्याचा पंप, सांधेदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, चूर्णं, ताकदीच्या गोळ्या, सगळं. ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून वगळलेल्या गोष्टींपैकी काहींनी रक्त पातळ होतं, काहींनी यकृतावर ताण येतो.

मग कुठली चालू ठेवायची, कुठली कधी थांबवायची, हे भूलतज्ज्ञ लिहून देतील. सर्वसाधारण रीत सांगते, पण तुमच्यासाठी त्यांनी लिहून दिलेलंच खरं. रक्तदाबाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल, ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात. त्या अचानक तोडणं धोक्याचं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गटातल्या गोळ्या बऱ्याचदा त्या दिवशी थांबवतात, कारण भुलेखाली रक्तदाब फार खाली जाऊ शकतो. थायरॉइडची गोळी चालू. स्टेरॉइड बरेच दिवस घेत असाल तर ते आपल्या मनाने बंद करायचंच नाही. मेटफॉर्मिन सहसा ऑपरेशनच्या दिवशी देत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणाऱ्या गोळ्या मात्र साधारण ३ दिवस आधी बंद करतात. त्या चालू राहिल्या तर उपाशी शरीरात आम्ल साचू शकतं आणि साखर जवळजवळ नॉर्मल दिसत असल्यामुळे ते चटकन लक्षातही येत नाही. वजन किंवा साखर कमी करायला सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर आवर्जून सांगा. त्याने पोट उशिरा रिकामं होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं गणित सगळ्यांत नाजूक. क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस, वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असेल, झडप बदललेली असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीच काही थांबवायचं नाही. ॲस्पिरिन तर कित्येकांना चालूच ठेवतात. ओळखीच्या कुणाला थांबवायला सांगितलं म्हणून तुम्ही थांबवू नका.

ऑपरेशनआधी केमो झाली असेल तर कुठली औषधं, किती सायकल आणि शेवटची कधी, याचा कागद हवा. तुम्ही केमोचा उल्लेख केला नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. डॉक्सोरुबिसिनने हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून इको करतात. ऑक्सॅलिप्लॅटिनने हातापायांना मुंग्या येतात. त्या आधीपासून आहेत अशी नोंद झालेली बरी, विशेषतः पाठीतून भूल द्यायची असेल तर. बेवासिझुमॅब घेतलं असेल तर जखम भरायला अडचण येते, म्हणून मोठ्या ऑपरेशनआधी निदान ४ आठवड्यांचं अंतर ठेवतात.

तंबाखू आणि दारूबद्दल खरं सांगा. आम्ही रागवायला विचारत नाही. आणि ‘आता आठच दिवस राहिलेत, सोडून काय उपयोग’ हेही खरं नाही. सिगारेट सोडल्यावर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दिवसभरात उतरतो. चार आठवडे मिळाले तर फुफ्फुसं आणि जखम दोन्हींना जास्त फायदा होतो. दारूच्या बाबतीत रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, भ्रम होणं, झटके येणं असे प्रकार होतात, म्हणून ते आधीच कळायला हवं. हे घरच्यांसमोर बोलणं अवघड असेल तर पेशंटने ‘मला एकट्याशी बोलायचंय’ म्हणावं. आम्ही नातेवाइकांना बाहेर बसवतो.

सर्जनशी किंवा त्यांच्या टीममधल्या डॉक्टरांशी संमतीपत्राबद्दल बोलणं होईल. आतड्याचा किती भाग काढणार, दुर्बिणीतून की पोट उघडून, आणि दुर्बिणीतून सुरू करून मध्येच उघडावं लागलं तर कशामुळे, हे विचारा. गाठीबरोबर भोवतालच्या लसिका ग्रंथीही काढतात. आतड्याच्या कॅन्सरमध्ये निदान १२ ग्रंथी तपासायला मिळाव्यात असा दंडक आहे, कारण आजार कितपत पसरला आणि नंतर केमो लागेल का हे त्यावर बरंचसं ठरतं. म्हणजे नेमकी स्टेज ऑपरेशननंतरचा बायॉप्सीचा रिपोर्ट आल्यावरच कळते. त्या दिवशी सर्जननी ‘बघू’ म्हटलं तर ते काही लपवत आहेत असं समजू नका.

पोटावर पिशवी (आतड्याचं तोंड पोटावर काढून शौच जमा करायला लावलेली) लागेल का, हेही विचारा. गाठ गुदाशयात असेल तर शक्यता जास्त, उजव्या बाजूला असेल तर बरीच कमी. शक्यता असेल तर स्टोमाची (पोटावरच्या त्या तोंडाची) नर्स आधीच पोटावर जागा आखून ठेवते. ती पेशंटला उभं करते, बसवते, वाकायला लावते, पोटाच्या घड्या कुठे पडतात, कमरेचा पट्टा किंवा नाडी कुठे येते, जुना व्रण कुठे आहे ते बघते आणि मग पेशंटला स्वतःला मान वाकवून दिसेल अशा सपाट जागी शाईने खूण करते. ही दहा-पंधरा मिनिटं पुढच्या कित्येक महिन्यांचा त्रास वाचवतात. घडीत बसलेली पिशवी गळत राहते. खूण केली म्हणजे पिशवी नक्की होणारच, असं मात्र नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण तुमच्या भाषेवरून मला शंका आली: आईंना आजाराचं नाव माहीत आहे का? माहीत नसेल तर त्या दिवसाआधी सांगा, किंवा आम्हाला सांगा की त्यांना ठाऊक नाही. सही त्यांची लागते, आणि कशासाठी सही करतोय हे त्यांना कळल्याशिवाय त्या सहीला अर्थ नाही. ‘अल्सर आहे’ असं ऐकून आलेली बाई कॅन्सरच्या वॉर्डात बसली की तिला कळायचं ते कळतंच, फक्त ते कुणाशी बोलायची सोय राहत नाही. माझा अनुभव असा की बहुतेक पेशंटना अंदाज असतो आणि घरच्यांना त्रास नको म्हणून तेही गप्प असतात.

ऑपरेशनपर्यंतचे दिवस नुसते वाट बघण्यात घालवू नका. रोज चालणं, दम लागेल तिथे थांबून पुन्हा चालणं, रक्त आणि इको बघून डॉक्टर जितकं सांगतील तितकं. श्वासाचे व्यायाम शिकून घ्या. आत तीन छोटे चेंडू असलेलं एक यंत्र देतील, त्यात फुंकायचं नसतं, सावकाश श्वास आत ओढायचा असतो. ऑपरेशननंतर दुखत असताना नवं शिकणं कठीण जातं. जेवणात प्रथिनं वाढवा आणि भूक नसेल तर आहारतज्ज्ञांना भेटायचंय असं सांगा. घरी पोटावरचे केस वस्तऱ्याने काढू नका. बारीक जखमा होतात आणि त्यांतून जंतुसंसर्ग वाढतो. गरज पडलीच तर रुग्णालयात मशीनने काढतात.

उपाशी राहण्याबद्दल साधारण नियम: हलकं अन्न ६ तास आधीपर्यंत, जड किंवा तेलकट असेल तर त्याहून आधी, आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत. दूध किंवा दुधाचा चहा अन्नात धरतात, पाण्यात नाही. ‘काल रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही’ याने कुणाचंच भलं होत नाही, विशेषतः मधुमेह असताना. आतडं साफ करायचं औषध दिलं असेल तर त्याच्या सूचना वेगळ्या असतील. नंतरच्या दिवसांबद्दलही तिथेच विचारून घ्या: दुखणं कशाने कमी ठेवणार, लघवीची नळी किती दिवस, पहिली रात्र आयसीयूत की वॉर्डात. पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवतील, चालवतील. त्याची आईंना आधीच कल्पना असू दे. गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटाच्या कातडीखाली टोचायचं इंजेक्शन घरी गेल्यावरही, एकूण ४ आठवड्यांपर्यंत, चालू ठेवायला सांगू शकतात. ते घरी कुणी द्यायचं हे आत्ताच ठरवा.

सोबत एकच माणूस न्या, जो ऐकेल आणि लिहून घेईल. सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, आणि बायॉप्सी दुसरीकडे झाली असेल तर नुसता कागद पुरत नाही, काचा (स्लाइड) आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) हेही मागतात. निघण्याआधी एक फोन नंबर मागून घ्या, ज्यावर ऑपरेशनपर्यंत काही बदललं तर कळवता येईल. ताप आला, खोकला-सर्दी झाली, जुलाब लागले, शौचातून रक्त दिसलं, पोट फुगून वारा सरेनासा झाला, कुणी नवं औषध सुरू केलं, तर त्याच दिवशी फोन करा, ऑपरेशनच्या सकाळी नको. पोट फुगून उलट्याही होत असतील तर फोनवर न थांबता थेट घेऊन या.